जुन्या मुलांचा दर

बँकवालीने हसत हसत खांद्यावर हात ठेवला आणि मावशीला किळस आली. इतकी स्पष्ट, इतकी अंगभर, की क्षणभर तिला वाटलं आपला पाय कशात तरी पडला असावा. तिने खाली फरशीकडे पाहिलंसुद्धा. फरशी कोरडी होती. संध्याकाळची वेळ, दाराशी छोट्या छोट्या बुटांचा ढीग, कडेवर ढब्बू, आणि समोर त्याची आई, ऑफिसातून थेट आलेली, केस अजून जागच्या जागी. मावशीने नुकतंच ते वाक्य उच्चारलं होतं. कितीतरी दिवस न्हाणीघरात, गॅसपाशी, पोरांना थोपटताना मनाशी घोळवलेलं वाक्य: पुढल्या महिन्यापासून जुन्या मुलांची फी वाढवते आहे. मुलीने फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं होतं, आई, सरळ सांग, लाजू नकोस, आणि सांगून झालं की गप्प बस. पण ऐन वेळी तोंडातून निघालं ते 'थोडी वाढवावी म्हणते', आणि गप्प बसायच्या ऐवजी 'तुम्हाला जमत असेल तर' हेही आपणहून मागे येऊन बसलं. बँकवाली हसली. "अहो मावशी, आपल्यात कुठे आलाय पैशाचा विषय! तुम्ही काय परक्या आहात का?" आणि मग तो हात. थंड, मऊ, कसल्याशा महागड्या क्रीमचा वास असलेला. खांद्यावर हळूच थोपटून तो मागे गेला. मावशीला ते थोपटणं ओळखीचं वाटलं. झोपायला तयार नसलेल्या पोराला ती स्वतः अगदी तसंच थोपटत असे.

मायलेक जिना उतरून गेले तरी किळस काही गेली नाही. मावशीला याचंच नवल वाटलं, कारण किळस या गोष्टीशी तिचा संबंध केव्हाच सुटला होता. ज्याला किळस येते ते माणूस पाळणाघरात आठवडाभर टिकायचं नाही. शी, शू, ओकारी, नाकातून वाहून वरच्या ओठावर वाळलेलं, मानेच्या वळीत साचून आंबलेलं दूध, ही सगळी तिच्या हातांची रोजची ओळख होती. एकाचं ढुंगण धुऊन, हात पुसून, लगेच दुसऱ्याच्या ताटलीतलं उरलेलं केळं तोंडात टाकायचं आणि तिसऱ्यामागे पळायचं, यात तिला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. लहान मुलाची घाण प्रामाणिक असते, असं ती एकदा नवऱ्याला म्हणाली होती. नवरा पेपर वाचत होता, तो 'हं' म्हणाला. आज मात्र ती न्हाणीघरात गेली, ब्लाउज खांद्यावरून खाली ओढला आणि साबण लावून खांदा धुतला. धुताना तिला आपला मूर्खपणा कळत होता. तरी तिने पुन्हा एकदा साबण लावला. मग आरशात बघून, बँकवालीसारखी मान तिरकी करून, ती म्हणाली, "तुम्ही काय परक्या आहात का?" आणि आरशातल्या बाईच्या ओठांवर ते गोड हसू इतकं सहज उमटलं की तिने दिवा मालवून टाकला.

परकी असते तर बरं झालं असतं. परक्यांना ती बरोबर फी लावत होती. हा सगळा कारभार असा उलटा कसा होऊन बसला याचा विचार करायला लागलं की तिचं डोकं उठे. मागच्याच महिन्यात आलेलं नवं पोर, ज्याचा वाससुद्धा अजून हाताला ओळखीचा झाला नव्हता, जे सकाळी दाराकडे तोंड करून भोकाड पसरत असे ते दुपारीच थांबत असे, त्याचे आईबाप सगळ्यात जास्त पैसे मोजत होते आणि तेही कुरकुर न करता, कारण त्यांना आजचा दर सांगितला गेला होता. आणि जी मुलं तिच्या अंगाखांद्यावर वाढली, ज्यांच्या रडण्याच्या सुरावरून ही भूक की ही झोप हे तिला शेजारच्या खोलीत बसून कळे, त्यांचा दर ती ज्या दिवशी आली त्या दिवशी गोठला होता. बँकवालीचं तर याहून पुढचं. तिची मोठी मुलगी इथेच वाढून शाळेत गेली, मग धाकटा ढब्बू आला, आणि मोठीचे स्वेटर जसे त्याच्या अंगावर चढले तसा मोठीचा जुना दरही त्याच्या नावावर चढला. म्हणजे जितका जीव जुना तितके पैसे कमी. आणि हे कुणी ठरवलं नव्हतं. कुणी मावशीवर जबरदस्ती केली नव्हती. दरवर्षी बोलायचं म्हणायची आणि दरवर्षी कुणाचं तरी पोर आजारातून उठलेलं असे, कुणाचं घराचं कर्ज नवं असे, आणि तोंडाशी आलेला शब्द ती गिळून टाकी. इतकी वर्षं गिळलेलं आता घशाशी यायला लागलं होतं. नाहीतर एका हाताने खांदा थोपटला म्हणून कुणाला ओकारी येते का?

तशी या वर्षीही ती बोलली नसती. पण कंबर बोलली. ढब्बूला पाळण्यातून उचलताना एका सकाळी कमरेतून अशी काही कळ गेली की ती पोरासकट तशीच वाकलेली उभी राहिली, आणि पोराला वाटलं हा काहीतरी नवा खेळ आहे, ते खिदळायला लागलं. डॉक्टर म्हणाला, वजन उचलायचं नाही. मावशी म्हणाली, माझं वजन रडतं हो, त्याला उचलावंच लागतं. मग उचलायला बाई ठेवा, डॉक्टर म्हणाला, नाहीतर आणखी वर्षभराने तुम्हालाच उचलायला कुणी लागेल. खालच्या मजल्यावरची एक धट्टीकट्टी बाई यायला तयार होती. पण तिला शिवणाच्या कारखान्यातूनही बोलावणं होतं. शनिवारपर्यंत थांबते, तिने सांगितलं, मग मात्र मी तिकडे जाणार. तेव्हा हिशेब अगदी साधा होता. जुन्यांची फी वाढली तर बाई, बाई आली तर कंबर, कंबर राहिली तर पाळणाघर. आणि पाळणाघर नाही तर काय, हे घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. नवऱ्याचं रंगाच्या दुकानातलं काम सुटून वर्ष होत आलं होतं. तो रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीपाशी बसे, आणि पोरं त्याच्या पँटला धरून उभी राहायला शिकत.

खरं म्हणजे हे पाळणाघर तिने काढलंच नव्हतं. ते होऊन बसलं होतं. आपली मुलगी लहान होती तेव्हा शेजारची एक बाई तासाभरासाठी म्हणून पोर ठेवून गेली आणि घरी असताच तर, म्हणाली. त्या 'घरी असताच तर'मध्ये मावशीचं पुढचं सगळं आयुष्य गेलं. मग दुसरं पोर आलं, तिसरं आलं. दिवाणखान्यातला सोफा गेला, त्या जागी गाद्या आल्या. कपाटांच्या कड्या वर सरकल्या. नवरा कामावरून आला की बूट हातात घेऊन, झोपलेल्या पोरांमधून वाट काढत आतल्या खोलीत जाई, स्वतःच्या घरात चोरासारखा. त्याला कुणी विचारलं, बायको काय करते, तर तो म्हणे, काही नाही, घरीच असते, मुलं सांभाळते. आणि मुलगी. ती या सगळ्या गर्दीत आपली आपण वाढली. तिला भूक लागली तर ती थांबायची, कारण बाकीच्यांचे पैसे घेतलेले असत. एकदा, तेव्हा ती दहावीत असावी, मावशी कुणाच्या तरी लेकराला मांडीवर घेऊन बाटली पाजत होती आणि ही दारात उभी राहून बघत होती. मग अगदी सहज, चेष्टेच्या सुरात म्हणाली, "आई, मलाही तुझ्याकडे फी भरून ठेवायला हवं होतं." दोघी हसल्या. मावशी तर पोट धरून हसली, बाटलीतलं दूध सांडलं. त्या हसण्याची आठवण आली की अजून तिच्या कानाच्या पाळ्या गरम होतात. मुलगी आता दुसऱ्या शहरात नोकरी करते, फोनवर फीविषयी बोलते, दर काय असावा ते ठामपणे सांगते. इतकं ठामपणे, की मावशीला कधीकधी वाटतं, ही आपलीच जुनी बाकी वसूल करून घेतेय.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं झोपल्यावर तिने कपाट उघडलं. चादरी काढायच्या होत्या. खालच्या खणात त्या वस्तू होत्या. पट्टा तुटायला आलेल्या पर्स, कोपरांवर विरलेले स्वेटर, तळाशी बोटभर उरलेलं अत्तर, कुणाच्या तरी ऑफिसात मिळालेलं आणि कुणालाच नको असलेलं घड्याळ. 'मावशी, तुमच्यासाठी आणलंय' असं म्हणून दिलेलं सगळं. तिने फी वाढवायचा विषय काढला नाही त्या प्रत्येक वर्षाची एकेक पर्स. तिला आठवला तो वाढदिवसाचा केक. दातवाल्या डॉक्टरच्या मिरचीचा पहिला वाढदिवस कुठल्याशा मोठ्या हॉटेलात झाला होता, मावशीला बोलावणं नव्हतं, ते तिने धरलंही नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीबरोबर एक डबा आला. आत केकचा उरलेला तुकडा. त्यावरच्या क्रीमवर कुणीतरी बोट ओढलं होतं, लांबलचक, आणि त्या बोटाच्या वाटेत एक बारीकसा केस चिकटला होता. मावशीने तो केस काढला आणि केक खाल्ला. नुसता खाल्ला नाही, तर संध्याकाळी 'किती छान होता हो' असंही सांगितलं. तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता उघड्या कपाटासमोर उकिडवी बसलेली असताना तो केस जिभेवर आल्यासारखा वाटला आणि तिने तोंडावर पदर दाबून धरला. शेजारच्या गादीवर नवं पोर झोपेत हुंदका देऊन गप्प झालं.

बाकीच्यांना तिने त्याच आठवड्यात सांगितलं. आता तोंड उघडलंच होतं. दातवाल्याने हेल्मेट काखेत धरून सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मान डोलावली. "बरोबर आहे तुमचं. महागाई आहेच. मीसुद्धा यंदा पेशंटचे दर वाढवले, काय करणार! म्हणूनच तर हात जरा आखडता आहे, कारण दर वाढवले की पेशंट कमी होतात. तुम्हाला म्हणून सांगतो मावशी, दर वाढवण्यात काही राम नाही." इतक्या आपुलकीने त्याने हे सांगितलं की मावशी 'हो ना' म्हणून बसली. मग तो म्हणाला, विचार करतो. गाणं शिकवणारी होती तिने तर विचारही केला नाही, ती तिथेच पायरीवर बसली आणि रडायला लागली. नवरा सोडून गेलेला, शिकवण्या तुटलेल्या, एक पोर कडेवर. ते रडणं खरं होतं. मावशीने लगेच तिचा हात धरला, "राहू द्या, तुमचं आहे तेवढंच ठेवते, कुणाला बोलू नका." हे शब्द अजून हवेत असतानाच तिला आपल्या दयेचीही शिसारी आली. कारण दया करताना छाती कशी फुगते ते तिला आतून जाणवलं. नवं पोर तर आधीच पूर्ण पैसे देत होतं. म्हणजे आता सगळं बँकवाली आणि दातवाला या दोघांवर येऊन ठेपलं. ती दोघं हो म्हणाली तर शनिवारी बाई थांबेल. दोघांपैकी एकाने काखा वर केल्या तरी नाही.

या धंद्याची एक रीत असते. ती कुठे लिहिलेली नाही, आणि एकीने दुसरीला शिकवलेली असते असंही नाही. मुलं सांभाळणारी कुठलीही बाई थोड्या दिवसांत ती आपण होऊन पाळायला लागते. पोराचं पहिलं काहीही आपण बघायचं नाही. म्हणजे दिसतं ते आपल्यालाच, दिवसभर ते आपल्यासमोर असतं, पण बघितलं असं म्हणायचं नाही. दात हाताला लागला तरी तो आईच्या बोटाला लागू द्यायचा. शब्द कानावर पडला तरी तो पडलाच नाही. फक्त संध्याकाळी पोर देताना सहज सांगायचं, लक्ष ठेवा हं, एक-दोन दिवसांत उभा राहीलसं वाटतंय. मग ती बाई डोळ्यांत तेल घालून बसते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाचत येते, मावशी, काल काय झालं माहितीये! आणि आपण दोन्ही हात गालांवर नेऊन म्हणायचं, अगंबाई, खरंच? मावशीला या रीतीचा अभिमान होता. तिच्या सगळ्या कामात ही एकच गोष्ट अशी होती जिचे कुणी पैसे देत नव्हतं आणि जिचे पैसे घ्यावे असं तिच्याही कधी मनात आलं नव्हतं. महिन्यापूर्वी एका दुपारी ढब्बूने तिच्या नवऱ्याची पँट सोडली, कपड्यांच्या बादलीकडे तोंड केलं आणि चालत निघाला. तीन पावलं, चौथ्याला बसला. खिडकीपाशी नवऱ्याने पेपर खाली केला, मावशीकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. तोही इतक्या वर्षांत शिकला होता. दोघांनी एकमेकांकडे बघून जे हसू दाबलं तसं हसू त्यांच्यात कितीतरी दिवसांत आलं नव्हतं. पुढच्या सोमवारी बँकवालीने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. मावशीने हात गालांवर नेले, टाळ्या वाजवल्या, तिचे डोळेसुद्धा भरून आले, आणि ते भरून येणं खोटं नव्हतं. निदान तेव्हा तरी ते तिला खोटं वाटलं नव्हतं.

शुक्रवारी बँकवाली नेहमीपेक्षा लवकर आली आणि दारात उभी न राहता आत येऊन खुर्चीवर बसली. नवरा शर्ट सारखा करत आतल्या खोलीत निघून गेला. "मावशी, मी ह्यांच्याशी बोलले हं," ती म्हणाली. ढब्बू धावत येऊन तिच्या गुडघ्यांना चिकटला. "हे म्हणतात, वाढवायला आपली हरकत नाही. पण मग त्यात आपल्याला जास्तीचं काय मिळणार? म्हणजे तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही जीव लावता, ते तर आहेच, त्याचे काय पैसे करायचे! पण बघा ना, इथे तो जेवतो, झोपतो. शिकणं म्हणाल तर ते शेवटी घरीच होतं. आता चालायलाही तो घरीच लागला ना?"

"घरी नाही लागला," मावशी म्हणाली.

ती असं काही ठरवून म्हणाली नाही. ते वाक्य तिने कधी घोळवलेलं नव्हतं, आणि कदाचित म्हणूनच ते एकदम स्वच्छ, 'थोडं' आणि 'जमलं तर' यांच्याशिवाय बाहेर पडलं. बँकवाली हसरीच राहिली. "काय म्हणालात?"

"इथे लागला. तुम्ही व्हिडिओ दाखवलात त्याच्या आधी. त्या बादलीपासून इथवर आला. ह्यांनी पण बघितलं."

बँकवालीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, ते तिथेच राहिलं, फक्त त्याच्या मागची बाई निघून गेली. मावशीने हा चेहरा पूर्वी पाहिला होता, रोज सकाळी पाहत होती. दार लागल्यावर ज्या पोराला कळतं की आता आई आत नाही, त्याचा. बँकवालीने ढब्बूकडे बघितलं, मग बादलीकडे. मग हळू आवाजात विचारलं, "आणि मोठी? मोठी पहिल्यांदा 'आई' म्हणाली ते?"

मावशीला ती सकाळ लख्ख आठवली. दार नुकतंच लागलं होतं, जिन्यावर हिच्या सँडलचा आवाज अजून ऐकू येत होता, आणि मोठी दाराच्या फळीवर दोन्ही तळवे टेकून म्हणाली होती, आई. फळीला म्हणाली होती. मग दिवसभर म्हणत होती.

"ते घरीच झालं," मावशी म्हणाली. "तुम्हीच तर येऊन सांगितलंत मला."

"मी सांगितलं होतं म्हणूनच विचारतेय," बँकवाली म्हणाली. "तेव्हाही तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या."

मावशीने कमरेवर हात टेकला. तेव्हा बँकवालीने पर्स उघडली. "किती म्हणाला होतात?" मावशीने आकडा सांगितला. मुलीने सांगितलेला, पूर्ण. बँकवालीने तेवढे पैसे काढून टेबलावर ठेवले. बिस्किटाच्या चुऱ्यावर. उठताना ती म्हणाली, "ह्यांना यातलं काही बोलू नका. त्यांनी तो व्हिडिओ सगळ्यांना पाठवलाय." ढब्बूला तिने नेहमीपेक्षा घट्ट धरलं होतं, ते पोर कुरकुरलं. 'येते हं मावशी' असं ती म्हणाली नाही.

म्हणजे जमलं. अर्धं काम झालं. मावशीने टेबलावरच्या पैशांकडे पाहिलं आणि तिला आनंद व्हायची वाट बघितली. आनंद आला नाही. आली ती तीच, पहिल्या दिवशीची, अंगभर, पण या वेळी ती बँकवालीच्या हाताची नव्हती. तिने ही रीत इतकी वर्षं जपली ती कुणासाठी? आयांसाठी, असं ती समजत होती. पण आज ती वस्तू किती चटकन हाताशी आली! जणू कपाटाच्या आतल्या खणात ती याच दिवसासाठी राखून ठेवली होती. गोड बोलून त्या लोकांनी तिला फसवलं, ते खरंच होतं. पण गाल धरून 'अगंबाई' म्हणताना आपण काय करत होतो? त्यांना थोपटतच होतो. खोटं त्यांचं आणि खोटं आपलं, दोन्ही एकाच मापाचं. आणि शेवटी मोठीविषयी जे बोललो ते दयेने की उरलेली फी बुडेल या भीतीने, हे आता देवालाही सांगता येणार नाही. नवरा दारात येऊन उभा होता. "सांगायला नको होतं," तो म्हणाला. रागावून नव्हे, नुसतंच. मग त्याने टेबलावरचे पैसे उचलले, चुरा झटकला आणि तिच्या हातात दिले. तिला वाटलं, त्याने निदान ते उचलताना थोडं थांबायला हवं होतं.

दातवाला उशिराने आला. तोवर बाकीची पोरं गेली होती, मिरची तेवढी टोपी-मोजे चढवून, तयार होऊन, मावशीच्या कडेवर बसली होती. कडेवर घ्यायचं नव्हतं, तरी घेतली होती. त्या दुपारी मिरची 'बाबा' म्हणाली होती. उशिरा बोलणारी पोर, त्याच्या जिवाला तोच एक घोर होता. रोज दारात हेल्मेट काढायच्या आत तो विचारी, आज काही विशेष? आणि आज, खिडकीतून खाली एक स्कूटर गेली तशी पोरीने काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, बाबा. मग आणखी एकदा. आता तो समोर उभा होता, दमलेला, कपाळावर हेल्मेटचा वळ. "आलो हं मावशी. फीचं उद्या बोलू, आज डोकं चालत नाहीये. आज काही विशेष?" मावशीच्या जिभेवर ते नेहमीचं वाक्य तयार होतं. लक्ष ठेवा हं, आज-उद्या बोलेलसं वाटतंय. एवढंच म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं.

"काही नाही," ती म्हणाली. "दिवसभर झोपूनच होती."

त्याने मान हलवली, पोर घेतली आणि तो जिना उतरायला लागला. मावशी दाराला पाठ लावून उभी राहिली. आपण असं का म्हणालो? फी उद्या बोलू म्हणाला म्हणून. उद्या तो हो म्हणाला तर उद्या सांगायचं, असं तिच्या आतल्या कुणीतरी तिला न विचारताच ठरवूनही टाकलं होतं, भाजीवालीने चांगला माल टोपलीच्या तळाशी ठेवावा तसं. आणि उद्याच बाईला काय ते कळवायचं होतं. पोरीचा पहिला शब्द तिने गिऱ्हाईक बघून ठेवून घेतला होता. शी! ती मोठ्याने म्हणाली, आतून नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं, पण तोवर तिने दार उघडलं होतं आणि कमरेवर हात दाबून ती अनवाणीच जिना उतरत होती. फी गेली चुलीत. आत्ता सांगायचं, सगळं सांगायचं, खिडकी, स्कूटर, बोट, सगळं. 'लक्ष ठेवा' वगैरे काही नको, त्याच्या पोरीने त्याला हाक मारली आहे, ती त्याची त्याला देऊन टाकायची. कितीतरी दिवसांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं. "डॉक्टर!" तिने कठड्यावरून हाक मारली. "डॉक्टर, थांबा जरा!"

तो खालच्या वळणावर थांबला. त्याने वर बघितलं, धापा टाकत, अनवाणी खाली येणारी मावशी बघितली, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिने वरूनच ओळखलं. आंबट वास आल्यावर माणूस नाक जरासं मागे घेतो, तेवढंच.

"अहो मावशी," हात वर करून तो म्हणाला, "फीचं उद्या बोलू म्हटलं ना! जिन्यात तरी सोडा."

मावशी होती त्या पायरीवर थांबली. मिरची त्याच्या खांद्यावरून तिच्याकडे टकमक बघत होती.

"नाही हो," ती म्हणाली. "टोपी राहिली होती हिची, म्हणून."

टोपी मिरचीच्या डोक्यावरच होती.